हाताला शास्त्र आणि शास्त्राला हात देणारा राजा

मोटारीच्या मागच्या चाकांचे ड्रमब्रेक घरच्या अंगणात बदलणे हे काम वरवर साधे वाटते. चाक काढले की समोर येतो तो बिडाचा, पालथ्या डब्यासारखा ड्रम. तो ओढून काढला की आत दोन अर्धचंद्राकृती शू दिसतात. त्यांच्या पाठीवर घर्षणाचे अस्तर असते. गॅरेजात त्याला लायनर म्हणतात. शूंना आत खेचून धरणाऱ्या स्प्रिंगा, ब्रेक ऑइलच्या दाबाने दोन्हीकडे फाकणारे छोटे सिलिंडर, हँडब्रेकची केबल आणि शूंचे अंतर जुळवणारा अ‍ॅडजस्टर असा एवढाच तो संसार. पाय पेडलवर पडला की शू फाकतात, फिरत्या ड्रमला आतून घासतात आणि गाडीचा वेग उष्णतेत विरून जातो.

तत्त्व एका वाक्यात मावते. काम मात्र मावत नाही. कोणती स्प्रिंग कोणत्या भोकात अडकते, कोणता शू पुढे आणि कोणता मागे, ड्रम निघत नसेल तर हातोडी कुठे आणि किती जोराने मारायची, हे पुस्तक वाचून कळते असे नाही. उलट, वर्षानुवर्षे ब्रेक बदलणाऱ्या हातालाही हे असेच का, असे विचारले तर उत्तर सुचेलच असे नाही. एकाजवळ कारण असते आणि दुसऱ्याजवळ कसब. ही फारकत केवळ गॅरेजातली नाही. आपल्या समाजात ती शतकानुशतके जातीच्या भिंतींनी बांधून काढलेली होती. लिहिणारे हात वेगळे आणि घडवणारे हात वेगळे. ही भिंत पाडण्याचा पद्धतशीर प्रयत्न ज्या शहरात एका राजाने केला, ते शहर म्हणजे बडोदे, आजचे वडोदरा. आणि तो राजा म्हणजे महाराजा सयाजीराव गायकवाड, तिसरे.

सयाजीरावांचा जन्म ११ मार्च १८६३ रोजी नाशिक जिल्ह्यातील मालेगावजवळच्या कवळाणे या खेड्यात झाला. नाव गोपाळराव. वडील काशीराव हे गायकवाड घराण्याच्या दूरच्या शाखेतले, परंतु राहणी शेतकऱ्याची. घरात राजवैभवाची सावलीही नव्हती. बाराव्या वर्षापर्यंत या मुलाला अक्षरओळख म्हणावी अशी नव्हती. शेत, गुरे आणि गावची माणसे हीच त्याची शाळा.

१८७५ साली बडोद्याच्या गादीवरून मल्हारराव गायकवाड यांना इंग्रज सरकारने दूर केले. आधीचे महाराज खंडेराव यांच्या विधवा पत्नी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची मुभा मिळाली. कवळाण्याहून मुले पाहण्यासाठी आणण्यात आली, त्यांत गोपाळरावांची निवड झाली आणि २७ मे १८७५ रोजी दत्तकविधान होऊन ते सयाजीराव झाले. एका दिवसात नांगराच्या पाठीमागचे पोर राजवाड्यात आले. पुढच्या साऱ्या आयुष्याचा अर्थ या एका दिवसात दडलेला आहे. न शिकलेला मुलगा मंदबुद्धीचा नसतो, त्याला केवळ शिकवलेले नसते, हे सयाजीरावांना कोणी पटवून द्यावे लागले नाही. ते स्वतःच त्याचा पुरावा होते.

राजवाड्यात त्यांच्यासाठी खास शाळा सुरू झाली. एलियट हे इंग्रज अधिकारी त्यांचे शिक्षक म्हणून नेमले गेले. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा भाषांचे पाठ एकदम सुरू झाले. घोडेस्वारी आणि तालीम त्यांच्या जोडीला होतीच. राज्याचा कारभार तोवर दिवाण सर टी. माधवराव पाहत होते. राज्यकारभारावरील त्यांची व्याख्याने या तरुणाने लक्ष देऊन ऐकली. २८ डिसेंबर १८८१ रोजी, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, सयाजीरावांना राज्याचे पूर्ण अधिकार मिळाले.

राज्य सलग नव्हते. कडी, बडोदे, नवसारी आणि अमरेली असे त्याचे प्रांत गुजरात आणि काठेवाडात विखुरलेले होते, मध्ये इंग्रजी मुलूख आणि इतर संस्थाने. प्रजा बहुतांशी गुजराती, राजघराणे आणि दरबार मराठी. अशा राज्यात फिरताना तरुण महाराजांना दोन गोष्टी पुन्हा पुन्हा दिसल्या. पहिली, खेड्यातला कारागीर हातात विलक्षण कौशल्य असूनही दरिद्री होता, कारण गिरण्यांच्या आणि परदेशी मालाच्या पुढे त्याचे जुने ज्ञान अपुरे पडत होते. दुसरी, शाळा-कॉलेजांतून बाहेर पडणारा तरुण हातात काहीही न घडवता कारकुनीच्या खुर्चीकडे पाहत होता.

या दोन प्रश्नांना एकच उत्तर शोधण्याचा प्रयत्न म्हणजे कलाभवन. १८९० साली बडोद्यात ही संस्था सुरू झाली. त्यामागे महाराजांची इच्छा होती, तशीच एका प्राध्यापकाची दृष्टीही होती. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे बडोदा कॉलेजात रसायनशास्त्र शिकवीत. त्यांचा जन्मही सयाजीरावांप्रमाणे १८६३ मधलाच, सुरतेचा. गोव्यात सुताराला मेस्त म्हणतात. गुजरातेत गज्जर हे आडनाव असेच सुतारकीशी बांधलेले आहे. लाकडाचा रंधा चालवणाऱ्या समाजातला मुलगा रसायनशास्त्राची पदवी घेऊन आला होता. त्याच्या एका माणसातच हात आणि शास्त्र एकत्र आले होते. खेड्यातून आलेला राजा आणि सुताराच्या घरातून आलेला प्राध्यापक यांनी मिळून जी संस्था उभी केली, तिचे वेगळेपण या जन्मकथांशिवाय समजत नाही.

कलाभवनात चित्रकला आणि वास्तुरचना होती, सुतारकाम होते, विणकाम होते, रंगाईचे रसायनशास्त्र होते आणि यंत्रशास्त्रही होते. म्हणजे ज्या विद्या एरवी वेगवेगळ्या जातींच्या घरांत बापाकडून मुलाकडे जात, त्या एका छपराखाली, फळा आणि कार्यशाळा शेजारी ठेवून शिकवल्या जाऊ लागल्या. याहून धाडसी निर्णय होता तो भाषेचा. शिक्षण देशी भाषेतून द्यायचे होते. इंग्रजी न येणाऱ्या मुलालाही वाफेचे इंजिन का चालते हे कळले पाहिजे, ही त्यामागची धारणा होती. त्यासाठी शब्द हवे होते, पुस्तके हवी होती. गज्जरांनी देशी भाषांत शास्त्रीय परिभाषा आणि ग्रंथ तयार करण्याची मोठी योजना आखली. ती मनाप्रमाणे पूर्ण झाली नाही. परंतु ज्या भाषेत माणूस विचार करतो, त्याच भाषेत त्याला यंत्र समजले पाहिजे हा आग्रह तिथे रुजला.

कलाभवन सुरू झाले तेव्हा भारताच्या रस्त्यांवर मोटारगाडी नव्हती. जर्मनीत कार्ल बेंझ यांनी आपल्या गाडीचे पेटंट घेऊन चार वर्षे झाली होती, आणि फ्रान्सच्या लुई रेनॉ यांचा आजच्या धाटणीचा ड्रमब्रेक यायला बारा वर्षे अवकाश होता. त्यामुळे मोटारीचा ब्रेक कसा दुरुस्त करावा हे त्या शाळेच्या पहिल्या विद्यार्थ्यांना कोणी शिकवणे शक्यच नव्हते. पण घर्षण म्हणजे काय, तरफ कशी काम करते, उष्णतेने धातू कसा प्रसरण पावतो, आणि हातातल्या पान्याने ते सारे कसे तपासायचे, हे शिकलेल्या माणसाला उद्या येणारे यंत्रही परके राहत नाही. तंत्रशिक्षणाचे खरे मोजमाप तेच: समोर नसलेल्या यंत्रासाठीही ते माणसाला तयार करते.

याचा अर्थ नीट कळण्यासाठी पुन्हा त्या अंगणातल्या गाडीकडे पाहावे. मागच्या ब्रेकचे दोन शू दिसायला सारखे असतात, पण त्यांचे काम सारखे नसते. गाडी पुढे जाताना एक शू ड्रमच्या फिरण्याबरोबर आपोआप अधिक घट्ट ओढला जातो, दुसऱ्याला तेच फिरणे मागे ढकलते. म्हणून काही गाड्यांत दोघांच्या लायनरची लांबी वेगळी असते, आणि त्यांची अदलाबदल केली तर ब्रेक लागतो खरा, पण हवा तसा लागत नाही. हे कारण ठाऊक असलेला माणूस शू बसवताना थांबून पाहतो. ठाऊक नसलेला, हाताने कितीही चपळ असला तरी, घाईत चुकू शकतो.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. पुस्तकात सारे वाचलेला माणूस दोन्ही चाके एकदम उघडून बसला, तर सुट्या झालेल्या स्प्रिंगांच्या ढिगापुढे त्याची मती गुंग होते. अनुभवी मिस्त्री एका वेळी एकच बाजू उघडतो, म्हणजे दुसरी बाजू नमुन्यासारखी शाबूत राहते. तो गाडी सपाट, टणक जमिनीवर घेतो, पुढच्या चाकांना मागून-पुढून दगड लावतो, नुसत्या जॅकच्या भरवशावर न राहता गाडीखाली भक्कम स्टँड देतो, आणि मगच हँडब्रेक सोडतो, कारण तो ओढलेला असेल तर ड्रम निघत नाही. आतली काळी धूळ तो फुंकरीने उडवत नाही. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते आणि ती धूळ फुफ्फुसांची वैरी. ओल्या फडक्याने ती टिपून घ्यायची. ड्रम काढलेला असताना तो कोणालाही पेडलवर पाय ठेवू देत नाही. ठेवला तर सिलिंडरमधले पिस्टन बाहेर निसटतात. नव्या लायनरला तेलाचे किंवा ग्रीसचे बोट लागू देत नाही. एका चाकाचे शू बदलले तर त्याच अक्षावरच्या दुसऱ्या चाकाचेही बदलतो, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते. सिलिंडरच्या रबरातून ऑइल पाझरताना दिसले, किंवा ड्रम आतून त्यावर कोरलेल्या मर्यादेपेक्षा अधिक झिजलेला आढळला, तर शू बदलून भागणार नाही हे तो ओळखतो. आणि शेवटी रिकाम्या रस्त्यावर अगदी कमी वेगात ब्रेक पारखून घेतल्याशिवाय गाडी वाहतुकीत नेत नाही.

या प्रत्येक सवयीच्या मागे एक कारण आहे, आणि प्रत्येक कारणाला एका सवयीचा आधार आहे. ती दोन्ही एका माणसात आणणे हाच कलाभवनाचा हेतू होता. ब्रेकच्या बाबतीत तर ती एकत्र येणे हा जीवनमरणाचा प्रश्न असतो. कारण इथली चूक बसवणाऱ्याच्या अंगणात दिसत नाही, ती उताराच्या वळणावर दिसते.

कलाभवनाचा मार्ग मात्र सरळ नव्हता. पालकांना मुलगा मामलेदार व्हावा असे वाटे, यंत्रापाशी घामाघूम व्हावा असे नव्हे. शिकून बाहेर पडणाऱ्यांना सामावून घेतील इतके कारखाने नव्हते; अनेकांची नजर पुन्हा सरकारी नोकरीकडेच वळे. १८९६ साली गज्जर बडोदे सोडून मुंबईला गेले. तेथे त्यांनी रसायनशास्त्राची स्वतःची प्रयोगशाळा चालवली, आणि मुंबईतल्या राणी व्हिक्टोरियाच्या संगमरवरी पुतळ्यावर कोणी डांबर ओतले तेव्हा तो डाग रसायनांनी घालवून त्यांनी नाव मिळवले. बडोद्याशी त्यांचा धागा तुटला नाही. १९०७ साली त्यांच्या प्रेरणेतून उभा राहिलेला अलेम्बिक हा रसायनांचा उद्योग पुढे या शहराच्या औद्योगिक ओळखीचा भाग झाला. त्याच्या स्थापनेत अमीन यांच्याबरोबर कोटीभास्कर हे मराठी नावही होते.

कलाभवनातून गेलेल्यांमधले सर्वांत प्रसिद्ध नाव म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके. चित्रकला, छायाचित्रण आणि छपाईशी संबंधित तंत्रे यांचे धडे त्यांनी बडोद्यात गिरवले. पुढे लंडनहून आणलेला कॅमेरा घरात मांडून, फिल्मला भोके पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची सारी कामे घरच्या माणसांना शिकवून त्यांनी १९१३ साली राजा हरिश्चंद्र हा चित्रपट पडद्यावर आणला. भारतीय चित्रपटाचा जन्म कोणत्याही कारखान्यात नव्हे, तर यंत्र उघडून पाहण्याची भीती मोडलेल्या एका माणसाच्या घरात झाला.

सयाजीराव एका संस्थेवर थांबले नाहीत. कार्यशाळेत येण्याआधी मुलाला वाचता आले पाहिजे, हे त्यांना स्वतःच्या बालपणावरून माहीत होते. १८९३ साली अमरेली प्रांतातील काही गावांत त्यांनी सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू करून पाहिले. अनुभव आल्यावर १९०६ मध्ये ते साऱ्या राज्याला लागू केले, आणि त्यात मुलींनाही घेतले. ब्रिटिश हिंदुस्थानात अशा कायद्याची मागणीही तेव्हा जेमतेम सुरू होत होती. शाळा सुटल्यावर अक्षर विसरू नये म्हणून ग्रंथालये हवीत. १९१० साली त्यांनी अमेरिकेतून विल्यम बोर्डन यांना आणून राज्यभर वाचनालयांचे जाळे विणले. पेट्यांत पुस्तके भरून ती गावोगाव पाठवली जात. सयाजी साहित्यमालेसारख्या ग्रंथमालांतून मराठी आणि गुजरातीत पुस्तके निघाली. १९३१ साली प्रसिद्ध झालेला शासनशब्दकल्पतरू हा कोश तर कारभारातील इंग्रजी संज्ञांना अनेक देशी भाषांतले प्रतिशब्द देणारा. यंत्रशाळेपासून कचेरीपर्यंत त्यांचा आग्रह एकच होता: माणसाला त्याच्या कामाचा शब्द त्याच्या भाषेत मिळाला पाहिजे. मराठी साहित्याशी असलेले त्यांचे नाते जाणून १९३२ च्या कोल्हापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना देण्यात आले.

या वाटेवर आघात कमी नव्हते. पहिल्या पत्नी चिमणाबाई १८८५ मध्ये तरुण वयातच वारल्या. दुसऱ्या पत्नी, त्याही चिमणाबाई, पुढे स्त्रियांच्या शिक्षणासाठी ठामपणे उभ्या राहिल्या. परंतु महाराजांच्या वाट्याला युवराज फत्तेसिंहरावांसह कर्त्या मुलांचे मृत्यू पाहणे आले. स्वतः त्यांना निद्रानाश आणि संधिवाताने गाठले होते. उपचारांसाठी ते युरोपला जात, आणि प्रत्येक प्रवासातून एखादी कल्पना घेऊन परतत. १८९९-१९०० च्या दुष्काळाने, ज्याला गुजरातेत छप्पनिया म्हणतात, राज्य अक्षरशः मोडून काढले. १८९१ च्या गणनेत सुमारे २४ लाख असलेली लोकसंख्या १९०१ मध्ये साडेएकोणीस लाखांवर आली. जमिनीवरच विसंबलेल्या समाजाला पाऊस चुकला की दुसरा आधार नसतो, हा त्या आकड्यांचा अर्थ होता. १९०२ साली अहमदाबादला काँग्रेसच्या अधिवेशनाबरोबर भरलेल्या औद्योगिक प्रदर्शनाचे उद्‍घाटन करताना त्यांनी देशाच्या उद्योगांची आणि तंत्रशिक्षणाची बाजू मांडली, त्यामागे हा ताजा घाव होता.

इंग्रज सत्तेशी त्यांचे संबंध नेहमी ताणलेले राहिले. बडोद्यात अरविंद घोष नोकरीत होते, क्रांतिकारकांविषयी महाराजांना सहानुभूती आहे असा संशय होता. १९११ च्या दिल्ली दरबारात सम्राटापुढे ठरलेल्या रीतीने न वाकता ते वळून निघून आल्याने मोठे वादळ उठले. गादीवर टांगती तलवार असतानाच त्यांना आपल्या सुधारणा चालवायच्या होत्या.

परंतु सयाजीरावांच्या कामाची सर्वांत कठोर परीक्षा इंग्रजांनी घेतली नाही, ती त्यांच्याच शहराने घेतली. अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी त्यांनी राज्यात सुरुवातीपासून शाळा काढल्या होत्या. सवर्ण शिक्षक तिथे जाण्यास तयार होत नसत, म्हणून मुसलमान आणि पुढे आर्य समाजी शिक्षक नेमावे लागले. १९१३ साली भीमराव आंबेडकर या तरुणाला त्यांनी कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली. करारानुसार तो तरुण परदेशी विद्यापीठांचे उच्च शिक्षण घेऊन १९१७ मध्ये बडोद्याच्या सेवेत रुजू झाला. त्याला शहरात राहायला खोली मिळाली नाही. कचेरीतले शिपाई कागद दुरून टाकत. पारशी वसतिगृहात नाव लपवून मिळवलेला आसराही हिरावला गेला. काही दिवसांतच त्यांना बडोदे सोडावे लागले. शहरातल्या बागेत एका झाडाखाली त्यांनी घालवलेल्या त्या वेळेची आठवण आज संकल्पभूमी म्हणून जपली जाते.

राजाने दार उघडले होते, पण उंबऱ्यावर समाज बसला होता. ही घटना सयाजीरावांच्या चरित्रातून वगळता येत नाही, आणि वगळूही नये. शिष्यवृत्ती आदेशाने देता येते, शाळा खजिन्यातून बांधता येते. पण शेजारी कोणाला बसू द्यायचे हे मन आदेशाने बदलत नाही. कलाभवनाच्या बाबतीतही तेच होते. पान्याला जात नसते, परंतु पाना हातात घेणाऱ्याला समाज जात विचारतो. कामाला कमी लेखणे आणि काम करणाऱ्याला कमी लेखणे या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. म्हणूनच एका सुशिक्षित घरातल्या माणसाने स्वतःच्या हातांनी ग्रीसमध्ये काम करणे, आणि मिस्त्रीच्या मुलाने त्याच कामाचे शास्त्र शिकणे, ही दोन्ही एकाच सुधारणेची टोके आहेत.

६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत सयाजीरावांचे निधन झाले. ६३ वर्षांहून अधिक काळ ते गादीवर होते. त्यांच्यामागे नातू प्रतापसिंहराव गादीवर आले. स्वातंत्र्यानंतर संस्थान विलीन झाले, त्याच काळात, १९४९ साली, महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले आणि कलाभवन त्याच्या तंत्रशास्त्र व अभियांत्रिकी विभागात सामील झाले. आजही बडोदेकर त्या परिसराला कलाभवन याच नावाने ओळखतात. शिक्षणाची भाषा मात्र आता इंग्रजी आहे, आणि महाराजांना हवी असलेली देशी भाषेतील यंत्रविद्या वर्गाबाहेर, गॅरेजांत आणि अंगणांत, मिस्त्रींच्या तोंडी टिकून आहे.

ती तिथे टिकली आहे हे चांगले, पण तेवढ्याने काम पुरे होत नाही. गॅरेजात वयाच्या चौदाव्या वर्षी हातात पाना घेतलेल्या मुलाला कोणता शू पुढे लावायचा हे माहीत असते. तो का पुढे लावायचा हे त्याच्या भाषेत सांगणारे पुस्तक त्याच्याजवळ नसते. अभियांत्रिकीची पदवी घेतलेल्याला ते कारण परीक्षेपुरते ठाऊक असते. त्याने ड्रम कधी हातात घेतलेला असेलच असे नाही. १८९० साली बडोद्यात जी भिंत पाडायला घेतली होती, तिचे काही थर अजून उभे आहेत. बाराव्या वर्षापर्यंत अक्षर न ओळखलेल्या एका राजाने ती पहिल्यांदा ओळखली. तिचा उरलेला भाग पाडण्यासाठी राज्य, गादी किंवा खजिना लागत नाही. सुटीच्या दिवशी घरातल्या मुलामुलींना शेजारी बसवून, प्रत्येक भागाचे नाव आपल्या भाषेत सांगत आणि प्रत्येक कृतीचे कारण समजावत एक चाक नीट उघडून नीट बसवले, तरी त्या कामातला आपला वाटा उचलल्यासारखे होते.